फळीवरचा देव

प्रार्थनेचं शेवटचं कडवं चौथ्यांदा सुरू झालं तेव्हा लोहाराचा धीर सुटला. तो उठला, बसलेल्यांच्या गुडघ्यांवरून ढांगा टाकत पुढं गेला आणि घंटेचा दोर असा काही ओढला, की घंटा वाजली खरी, पण दोर तुटून त्याच्याच गळ्यात पडला. वरच्या शिवाराच्या लोकांनी लोहाराला धरलं, खालच्या शिवाराच्या लोकांनी वरच्यांना धरलं, आणि देवाच्या डोळ्यांदेखत अर्धं गाव उरलेल्या अर्ध्याच्या कॉलरी धरून उभं राहिलं. बुवा मात्र डोळे मिटून म्हणतच होते. त्यांना ऐकू कमी यायचं.

आता हे भांडण देवाचं नव्हतं, पाण्याचं होतं. कालव्याचं पाणी गावाच्या पाटात दुपारी तीनला यायचं आणि सातला वरून बंद व्हायचं. आधी वरच्या शिवाराला, मग खालच्या. पाट जिथं दोन चाऱ्यांत फुटतो तिथं एक लाकडी फळी होती. ती या खाचेतून काढून त्या खाचेत घातली, की वरच्यांचं पाणी बंद आणि खालच्यांचं सुरू. आणि फळी फिरवायची कधी, तर देवळात संध्याकाळची प्रार्थना संपून घंटा वाजली की. गावात एकही घड्याळ नव्हतं तेव्हा कुणाच्या तरी पणजोबांनी हे ठरवून ठेवलं होतं. पणजोबा बिचारे सरळ असावेत. पुढच्या पिढ्यांत कुणाच्या तरी लक्षात आलं, की प्रार्थना जितकी लांबेल तितकं वरचं शिवार भिजतं. तेव्हापासून वरचे लोक सुरांना ताणून ताणून म्हणायचे, आणि खालचे लोक मागं भूत लागल्यासारखे पळत म्हणायचे. एकच प्रार्थना दोन चालींत चालायची. पण देऊळ रोज गच्च भरलेलं. साठ माणसं मोजून घ्या, एखाद्या घरात ताप असला तरच एकोणसाठ.

या सगळ्या प्रकाराला मनापासून हसणारा गावात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे पाटकरी. फळीला साखळी, साखळीला कुलूप आणि कुलपाची किल्ली पाटकऱ्याच्या कमरेला. आजाच्या कमरेला होती, बापाच्या होती, आता याच्या. स्वतःची शेती अशी त्याला नव्हती. घरटी वर्षाचं धान्य यायचं ते या किल्लीपायी. तरुणपणी तो दोन वर्षं शहरात एका छापखान्यात कामाला होता. तिथून येताना अंगावरचे कपडे, एक चावीचं घड्याळ आणि एक पुस्तक एवढी कमाई घेऊन आला. पुस्तकाला पुढचं कव्हर नव्हतं, मागची पानंही नव्हती. माणूस देवाकडे का जातो, हे त्यात लिहिलं होतं. पहिलं कारण भीती. दुसरं कारण सोबत. तिसरं कारण असं, की आपल्या हातून बिघडलं की दोष घालायला दुसऱ्या कुणाचं तरी डोकं लागतं. आणि शेवटच्या पानावर शेवटची ओळ होती : ‘चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे’. पुढचं पान नव्हतं.

चौथं कारण माहीत नसताना पहिली तीन कारणं पाटकऱ्यानं गावाला वीस वर्षं ऐकवली. न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेल्या माणसाला ऐकवली, कारण त्याला उठून जाता येत नव्हतं. एकदा म्हशीच्या डॉक्टरला ऐकवली, त्याचा हात तेव्हा म्हशीच्या पोटात होता. बायकोला तर ती तोंडपाठ होती. एकदा तो म्हणाला, ते चौथं काय असेल कोण जाणे. ती भाकऱ्या थापत म्हणाली, “मी सांगते. घरी बसलं तर तुमचं ऐकावं लागतं.”

तर दोर तुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर सभा भरली. सरपंचबाई मधे बसल्या. वरचे एका बाजूला, खालचे दुसऱ्या. लोहाराच्या गळ्यावर दोराचा लाल वळ होता आणि तो सगळ्यांना दिसावा म्हणून त्यानं वरची दोन बटणं उघडी टाकली होती. पाटकऱ्याला हीच वेळ हवी होती. तो उभा राहिला आणि भीतीपासून सुरुवात करणार एवढ्यात सरपंचबाई म्हणाल्या, की कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत, उपाय असला तर सांगा.

उपाय त्याच्याकडे तयार होता. घंटा पाण्यातून काढून टाका. फळी घड्याळावर फिरेल, रोज बरोब्बर पाचला, ना मिनिट इकडे ना तिकडे. शिंप्याच्या रेडिओवर रोज सकाळी घड्याळ लावून घेईन. घंटेचा दोर महिनाभर बांधूच नका, म्हणजे गोंधळ नको. आणि मग मजा बघा, देवळात कोण येतं ते. भक्ती बघायची असेल तर पाणी आटवून बघावी, असंही तो म्हणाला. हे वाक्य त्यानं रात्रीच तयार करून ठेवलं होतं.

तेवढ्यात मागून टोकाची आजी बोलली. आजीचा कांद्याचा तुकडा खालच्या चारीच्या अगदी शेवटी. सगळ्यांचं भिजून उरलं तर तिला. तिला देवाचंही कौतुक नव्हतं नि घड्याळाचंही. पाणी येतं का एवढंच ती विचारायची.

“आणि माझं वाफं कोरडं राहिलं तर?”

“राहणार नाही, आजी.”

“राहिलं तर?”

बायको दुरून मान हलवत होती. पण भर सभेत उभ्या राहिलेल्या शहाण्या माणसाला बायको कधी दिसत नाही.

“तर ही किल्ली या ओट्यावर ठेवीन,” पाटकरी म्हणाला. “परत हात लावणार नाही.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या घटकेला त्याला वाटलं, काय बोललो. छाती चांगली दोन बोटं वर आली होती.

पहिला आठवडा पाटकऱ्याच्या आयुष्यातला सोन्याचा आठवडा होता. पाचला फळी फिरायची आणि तिथून तो थेट देवळाकडे जायचा. आत नाही, दारातून डोकवायला. साठांची तीस झाली, तिसांची सोळा, आणि शनिवारी बुवा धरून फक्त सात डोकी उरली. त्यांतलं एक त्याच्या बायकोचं. तो घरी आला तो हसतच.

“सात,” तो म्हणाला. “वीस वर्षं काय सांगत होतो?”

“आठ,” बायको म्हणाली.

“सात. मी मोजली.”

“मोजायला रोज येता ना तुम्ही. ते धरून आठ.”

मग त्यानं तिलाच विचारलं, की पाण्याचा काही संबंध नसताना तू का जातेस, तुला कसली भीती आहे. ती म्हणाली, की भीतीबिती काही नाही, दिवसभरात तो अर्धा तासच असा असतो की मला कुणी काही मागत नाही. देवसुद्धा मागत नाही. पाटकऱ्याला हे कोणत्या कारणात घालावं कळेना. शेवटी त्यानं ते ‘सोबत’मध्ये घातलं, आणि मग पाणी मागितलं.

आता गंमत पुढं आहे. देवळातून निघालेली त्रेपन्न माणसं गेली कुठं? घरी गेली असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण संध्याकाळी एका जागी जमायची ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, ती माणसं घरी कशी बसणार? ती सगळी पाटावर येऊ लागली. साडेचारपासून फळीभोवती गोल करून उभी राहायची. आणि प्रत्येकाच्या मनगटावर नाहीतर खिशात एक घड्याळ. इतकी घड्याळं गावात आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. लग्नात मिळालेली, आजाची गंजलेली, एकानं तर गजराचं घड्याळ काखेत धरून आणलं. आणि त्यांतली दोन एकमेकांशी जुळतील तर शपथ. खालच्यांची सगळी पुढं, वरच्यांची सगळी मागं. लोहार खिशातलं घड्याळ बाहेरही न काढता सांगायचा, की पाच वाजून गेले.

“माझं रेडिओवर लावलंय,” पाटकरी सांगायचा.

“रेडिओ कुणाचा?” खालचे विचारायचे. “शिंप्याचा. शिंपी कुठला? वरचा.”

वर आणखी भर म्हणजे पाटकऱ्याचा सख्खा मेहुणा वरच्या शिवारातला. फळी जरा उशिरा हलली की खालचे म्हणायचे, मेहुण्याचा गहू भिजवतोय. जरा लवकर हलली की मेहुणा म्हणायचा, दाजी, बहिणीच्या ताटात आम्ही काय कमी वाढलं होतं? पूर्वी प्रार्थना लांबली तर लोक बुवांच्या दम्याला बोल लावायचे, नाहीतर देवाची मर्जी म्हणून गप्प बसायचे. पाटकऱ्याला कधी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. घंटा वाजली की फळी फिरवायची, त्यात त्याचा काय दोष. आता दोषाला दुसरं डोकंच उरलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी तो फळीजवळ पोचला तर तिथं तीन कोवळी वांगी ठेवलेली. कुणाची, विचारलं तर कुणी बोलेना. दुसऱ्या दिवशी काकड्या. तिसऱ्या दिवशी नव्या मुळ्याची जुडी, स्वच्छ धुतलेली, पानांसकट. बायको म्हणाली, बरं आहे, भाजी आणावी लागत नाही. पण चौथ्या दिवशी त्यानं फळीला हात घातला आणि पाहिलं तर समोरच्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली होती. त्याचं बघून शेजारच्यानं काढली. शिंप्यानं टोपी नव्हती म्हणून नुसतीच मान खाली घातली. सगळे गप्प, सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर. फळी फिरली, पाणी खाली उतरलं, आणि अर्धे लोक सुस्कारा टाकून आणि अर्धे शिव्या देऊन घरी गेले.

त्या दिवशी घरी जाताना पाटकऱ्यानं मनाशी हिशेब घातला. भीती, ती आहे. सोबत, ती तर पन्नासांची आहे. आणि बिघडलं तर डोकं, तेही आहे, माझं. म्हणजे तीनही कारणं देवळातून उठून पाटावर आली होती आणि फळीवर बसलेला देव म्हणजे आपणच, ही गोष्ट त्याला बांधावर चालता चालता कळली. तो तिथंच उभा राहून हसला. मग हसणं थांबलं. ही देवाची नोकरी मोठी वाईट आहे हे त्याला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. वांगी मिळतात, पण कुणी बोलत नाही. न्हावीसुद्धा आता त्याची दाढी मुकाट्यानं करायचा, आणि पैसे नकोत म्हणायचा.

त्याहून वाईट गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नाही. फळीला हात लावायच्या आधी तो घड्याळाला तीन पिळे देऊ लागला होता. एकदा असेच तीन दिले आणि त्या संध्याकाळी भांडण झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन दिले तर मेहुण्यानं कॉलर धरली. तेव्हापासून तीन. मग घड्याळ कानाला लावायचं, मग कुलूप. चौथा पिळा द्यायचा नाही. घड्याळाला चावी पुरेशी भरलेली असली तरी तीन. आपण हे काय करतोय, असं त्याला रोज वाटायचं. आणि रोज वाटून झाल्यावर तो तीन पिळे द्यायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तिसऱ्या आठवड्यात पाटावर मारामारी झाली, एकाचा दात पडला, काखेतलं गजराचं घड्याळ पाण्यात गेलं आणि बुडता बुडता वाजलं. सरपंचबाईंनी मग फतवा काढला, की यापुढे फळीजवळ पाटकऱ्याशिवाय कुणी उभं राहायचं नाही. ज्यानं त्यानं आपल्या बांधावर थांबायचं, फळीशी कुणी दिसला तर त्याची पुढची पाळी बंद.

महिना भरायला तीन दिवस उरले होते. त्या दिवशी सकाळपासून आभाळ खाली आलेलं, थंडीचे दिवस, सूर्य म्हणून दिसला नाही. दुपारीच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. पाटकरी फळीजवळच्या दगडावर घोंगडी पांघरून एकटाच बसला होता. इतक्या दिवसांनी कुणी अंगावर ओरडत नव्हतं, म्हणून त्याला बरं वाटत होतं. पाट चांगला भरून वाहत होता, त्याच्या खळखळाटात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्यानं घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी.

तीन पिळे दिले. तिसरा जरा जड गेला.

मग तो बसून राहिला. पुस्तकातलं चौथं कारण काय असेल याचा विचार करत बसला. मधे घड्याळ पाहिलं, पाचला दहा कमी. एकटं असलं की वेळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही, असं त्याला वाटलं. अंधारून येत होतं, पण आभाळच तसं होतं. देवळातून सातजणांची प्रार्थना वाऱ्यावर आल्यासारखी वाटली आणि थांबली. लवकर आटपली आज, तो म्हणाला. घड्याळ कानाला लावून पाहिलं, पाण्याच्या आवाजात टिकटिक कुठली ऐकू येणार. पाचला दहा कमी.

चारीच्या कडेनं कुणीतरी येत होतं. खांद्यावर कुदळ, एका हातात कंदील. टोकाची आजी. चारी कुठं फुटली का ते बघत बघत ती टोकापासून इथवर चालत आली होती. तिच्या पायांना चिखलाचा ठिपका नव्हता.

“पाणी कुठं आहे रे?”

“येईल की आजी. अजून वेळ व्हायचीय.”

आजीनं कंदील वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“कसली वेळ?”

“पाचला दहा कमी आहेत.”

“बाळा,” आजी म्हणाली, “मी कंदील लावून आले.”

पाटकऱ्यानं वर पाहिलं. आभाळ काळं होतं. खरंच रात्रीचं काळं. गावात दिवे लागलेले होते, आणि ते मघापासून लागलेले होते, त्यानं ते पाहिलेही होते. डोळ्यांना अंधार दिसत होता, पण घड्याळात उजेड होता, आणि त्यानं घड्याळाचं ऐकलं होतं. त्यानं घड्याळाची चावी फिरवून पाहिली. ती गरागरा फिरली. आतली कमान, म्हणजे घड्याळाची स्प्रिंग, तुटली होती. रोजच्या तीन पिळ्यांनी कधीतरी तुटायचीच होती, ती आज तुटली.

त्यानं घाईघाईनं कुलूप काढलं, फळी फिरवली. पाणी खालच्या चारीत धावलं. दोघं कंदील घेऊन पाण्याबरोबर चालत निघाले. चार शेतं झाली, पाचवं झालं, आणि सहाव्याच्या तोंडाशी पाण्याचा जोर मोडला. सात वाजले होते. वरून कालवा बंद झाला होता. आणि दुरुस्तीसाठी उद्यापासून आठ दिवस कालवा बंद राहणार, हे आधीच ठरलेलं. आजीचे कांदे पोसायला लागलेले, त्यांना आठ दिवस म्हणजे गेलेच. आपल्या वाफ्यात बसून मातीचं एक ढेकूळ आजीनं बोटांत चुरडलं, ते पिठासारखं सांडलं.

“मला शिव्या द्या, आजी.”

“तुला देऊन माझं काय भिजणार आहे?” ती म्हणाली आणि कंदील उचलून घरी गेली.

पाटकरी बांधावर उभा राहिला. काय करायचं ते त्याला समजत नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. वरून पाणीच कमी आलं म्हटलं असतं तर कोण बघायला गेलं होतं? सकाळपर्यंत गप्प राहता आलं असतं. पण आजीचे कोरडे पाय डोळ्यांसमोरून जाईनात. झालं ते सांगायला हवं होतं, सगळ्यांना, आणि एकदमच. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की सगळ्या गावाला ‘माझं चुकलं’ असं सांगायला गावात जागाच नाही. न्हाव्याकडे सांगावं तर चेष्टा. पाटावर सांगावं तर मारामारी. सरपंचबाईंना सांगावं तर कागद. पाय आपोआप देवळाकडे वळले. त्यानं ते थांबवून पाहिले, थांबले नाहीत.

देवळात बुवा दिव्यात तेल घालत होते. घंटेला दोर नव्हता. पाटकऱ्यानं कोपऱ्यातली बादली पालथी घातली, तिच्यावर चढला आणि घंटेची जीभ हातानं धरून हाणू लागला. महिनाभर गप्प असलेली घंटा. कमी ऐकू येणाऱ्या बुवांनीही मान वर केली. गाव धावत आलं. कुणाला वाटलं आग, कुणाला वाटलं बुवा गेले. साठच्या साठ आले, वरचेही नि खालचेही, आणि दारातून आत येऊन जुन्या सवयीनं आपापल्या जागी उभे राहिले.

पाटकरी बादलीवरून उतरला नाही. उतरला असता तर बोलला नसता.

“घड्याळ बंद पडलं,” तो म्हणाला. “मीच पिळून पिळून मोडलं. रोज तीन पिळे द्यायचो, फळीला हात लावायच्या आधी. का म्हणाल तर भीतीनं. अंधार पडला तरी मी घड्याळ बघत बसलो. खालची पाळी बुडाली, आजीचे कांदे बुडाले. पाणी कमी नव्हतं. माझं चुकलं. ही किल्ली.”

त्यानं किल्ली काढून दिव्याजवळ ठेवली. मागं बायको उभी होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. घरात पुढच्या वर्षी धान्य कुठून येणार हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता, आणि आता शिव्या सुरू होतील म्हणून तो मान खाली घालून थांबला.

शिव्या आल्या नाहीत. मग लोहार खाकरला.

“माझंही घड्याळ,” तो म्हणाला, “गेल्या वर्षीपासून बंद आहे.”

कुणीतरी फिसकन हसलं. शिंप्यानं हळूच सांगितलं, की रेडिओचा सेल उतरला होता, वेळ मी अंदाजानं सांगत होतो. आणि शेवटी मेहुणा. तो सगळ्यांत मागं उभा होता, पण बहिणीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं तशी तिच्याबरोबर सगळ्या गावानं पाहिलं.

“दाजी,” मेहुणा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, “साडेपाचलाच मला कळलं होतं, की फळी फिरली नाही. येत होतं म्हणून घेतलं. माझं पोट भरलंय. आठ दिवसांनी पाणी येईल तेव्हा पहिली पाळी खालच्यांना द्या, टोकापासून. आणि तोवर आजीचे कांदे माझ्या विहिरीवर.”

पाटावर हाच मेहुणा चार मिनिटांसाठी कॉलर धरत होता. पण तिथं, इतक्या डोळ्यांसमोर, त्याला दुसरं काही बोलणं जमलं नाही. एकानं दिलं तसं दुसऱ्यालाही नाही म्हणता येईना. वरच्यांपैकी तिघांनी विहिरींचे दोर मोकळे केले, आणि सकाळी दहा-बारा माणसांची रांग घागरी घेऊन टोकाच्या तुकड्यापर्यंत लागली. त्या रांगेत पाटकरी सगळ्यांत पुढं होता आणि संध्याकाळपर्यंत त्याची पाठ धनुष्यासारखी वाकली. कांदे सगळे जगले नाहीत. पाऊण जगले.

किल्लीचं आजीनंच ठरवलं. बोली तिच्याशी झालेली, तेव्हा किल्ली तिची. ती म्हणाली, पाटाला माणूस लागतोच, आणि एकदा तोंडावर आपटलेला माणूस नव्यापेक्षा बरा. पण एक अट. घंटेला नवा दोर बांधायचा, आणि घंटा रोज पाटकऱ्यानं वाजवायची, प्रार्थना किती लांबवायची ते त्यानं आत बसून बघायचं. म्हणजे वर नाही नि खाली नाही, मधे. वाजवली की पळत जाऊन फळी फिरवायची.

तेव्हापासून पाटकरी रोज पहिल्या रांगेत बसतो. डावीकडून वरचे ताणतात, उजवीकडून खालचे पळवतात, आणि तो मधे मांडी घालून बसलेला असतो. देव मानत नाही, असं तो अजूनही सांगतो. डोळे का मिटतोस विचारलं तर म्हणतो, वेळ मोजतो. देऊळ पुन्हा गच्च भरतं. बायको मागच्या रांगेत असते आणि तिथं तिला कुणी काही मागत नाही, तोही नाही.

ते मोडकं घड्याळ आजीनं दिव्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं, त्याला आठवण राहावी म्हणून. ते तिथं पाचला दहा कमी दाखवत लटकत असतं. पंधरा दिवसांनी कुणीतरी त्याच्याखाली एक फूल ठेवलं. मग रोज कुणीतरी ठेवू लागलं. पाटकरी भडकला. बंद पडलेल्या लोखंडाला फुलं कसली वाहता, म्हणून त्यानं सगळ्यांना पुन्हा भीतीपासून सुरुवात करून तिसऱ्या कारणापर्यंत ऐकवलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फूल ठेवलं.

परवा बायको दिवा लावायला जरा लवकर गेली. आत पाटकरी एकटाच होता. त्याची तिच्याकडे पाठ होती. त्यानं खिळ्यावरचं घड्याळ हातात घेतलं, चावी बोटांत धरली आणि एक, दोन, तीन पिळे दिले. चावी नुसतीच गरागरा फिरली. त्यानं घड्याळ कानाला लावलं, खालचं फूल न हलवता परत खिळ्याला अडकवलं आणि घंटेचा दोर नीट आहे ना ते चाचपून पाहिलं.

“चौथं कारण सापडलं वाटतं,” बायको म्हणाली.

तो दचकला. मग म्हणाला, “नाही. चौथा पिळा द्यायचा नसतो.”